लग्न ठरलेलं जोडपं, परस्पर घेतलेला हॉल आणि ऐकून न घेणारी आत्या: कादंबरीत अडकलेय, मदत करा

शाईचा_डाग

मंडळी, बऱ्याच दिवसांपासून एक कोझी रोमान्स लिहितेय, म्हणजे वाचून उबदार, निवांत वाटावं अशी प्रेमकादंबरी. निम्म्याच्या थोडं पुढे येऊन गाडं रुतलंय, म्हणून हा धागा.

कथानक थोडक्यात. ईरा बुकबाइंडर आहे. जुनी पुस्तकं उसवायची आणि पुन्हा शिवायची हा तिचा धंदा. निशांत शाळेत भूगोल शिकवतो. पहिल्याच प्रकरणात लग्न ठरलेलं आहे. दोघांना ईराच्या वर्कशॉपमागच्या अंगणात, पन्नास-साठ माणसांत लग्न करायचंय. निशांतला लहानाचं मोठं केलं त्याच्या आत्याने, आणि आत्याला हे अंगण-बिंगण मान्य नाही. ती कुणालाही न विचारता चारशे माणसांचा हॉल घेते, आगाऊ रक्कम भरते आणि वेगळ्याच तारखेच्या पत्रिका छापून मोकळी होते. तिकडे ईराचे आई-वडील वेगळे झालेले. एकमेकांशी बोलत नाहीत, पण अट मात्र दोघांची एकच: समोरचा येणार असेल तर मला धरू नका.

कच्चा मसुदा काही जणांना वाचायला दिला. एक मैत्रीण म्हणाली, आत्या अगदी डोळ्यांसमोर उभी राहते. मी खूश होणार तोच पुढचं वाक्य आलं, "पण वाचून बरं नाही वाटलं गं, धडकी भरली." दुसऱ्याने सुचवलं, आत्याला शेवटी आजारी पाड, म्हणजे सगळे दवाखान्यात एकत्र येतील. नाही पाडणार. असा शेवट वाचला की मी पुस्तक भिंतीवर फेकते.

तर प्रश्न असा, की या प्रकारच्या कादंबरीत नातेवाईक किती त्रासदायक चालतात? आणि शेवटी त्यांचं करायचं काय?

टवाळखोर

आत्या कमी पडत असतील तर आमच्याकडे जास्तीच्या आहेत, कळवा.

बाकी बुकबाइंडर! या कादंबऱ्यांत कुणी कधी आयकर खात्यात का नसतं हो?

शाईचा_डाग

पहिल्या खर्ड्यात निशांत आयकरातच होता. प्रेमात पडेना.

नभांगण

मला आत्यापेक्षा वेगळीच काळजी वाटतेय. ईरा आणि निशांतच्या प्रेमात आता घडायचं काय शिल्लक आहे?

बहुतेक प्रेमकादंबऱ्या "जमतं की नाही" यावर चालतात. तू ते पहिल्याच प्रकरणात देऊन टाकलंस. शिवाय लग्न होणार हे वाचकाला मुखपृष्ठ बघूनच कळलेलं असतं. अमेरिकेतल्या 'रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका' या १९८० साली सुरू झालेल्या लेखक-संघटनेने रोमान्सची व्याख्या करताना दोनच अटी घातल्या: केंद्रस्थानी प्रेमकथा हवी आणि शेवट भावनिक समाधान देणारा, आशावादी हवा. म्हणजे शेवट बांधलेलाच आहे. मग वाचक पान उलटणार कशासाठी? तर हे दोघं एकमेकांबद्दल अजून काय शोधून काढतात ते बघायला.

आणि त्यासाठी लग्नाच्या तयारीइतकी सोयीची गोष्ट नाही. दोघांनी मिळून करायचं ते पहिलं मोठं काम. यादीत कोण, पैसे कुणाचे, पत्रिकेवर कुणाचं नाव आधी, फोटोत कोण कुणाच्या शेजारी. एकेक फालतू वाटणारा निर्णय, पण त्यात घरात कुणाचा शब्द चालतो ते उघडं पडतं. तू आत्या काय करते ते सविस्तर सांगितलंस. तिने हॉल घेतलाय हे कळल्यावर निशांत काय करतो?

शाईचा_डाग

"बघतो मी" म्हणतो.

नभांगण

आणि पत्रिका छापल्याचं कळल्यावर?

शाईचा_डाग

...तेव्हाही "बघतो मी" म्हणतो.

नभांगण

सापडलं मग. आत्या नुसती निमित्त आहे. ज्या माणसाशी ईरा लग्न करतेय त्याने आयुष्यात कधी घरात नकार दिलेला नाही, आणि हे तिला आत्ता कळतंय, कारण आजवर त्याने ज्यांना ज्यांना होकार दिला त्यात तीही होती! तिच्या मनात शंका आली पाहिजे, की मला "हो" म्हणाला ते मनापासून, की मलाही नाही म्हणता येईना म्हणून? ही शंका आली की तुझी प्रेमकथा पुन्हा सुरू झाली.

टवाळखोर

कादंबरीचं नाव 'बघतो मी' ठेवा. निम्म्या बायका नुसत्या नावावर विकत घेतील.

रातराणी७

मी लिहीत नाही, फक्त वाचते. रात्रपाळी असते, मधल्या शांत वेळात असलीच पुस्तकं वाचते, त्यामुळे या विषयात माझा अभ्यास दांडगा आहे. :)

त्रासदायक माणसं चालतात, अगदी पहिल्या प्रतीची चालतात. मला नको असतं ते म्हणजे जोडप्यातलं कुणी एकटं पडलेलं. आत्या टाकून बोलली आणि पुढच्याच पानावर दोघं तिची नक्कल करून हसले, की माझं पोट भरलं. पण आत्या बोलली, ईरा गप्प घरी आली, रडली, निशांतला काही सांगितलं नाही, असं लांबत गेलं तर मला माझी खरी नाती आठवायला लागतात. ती विसरायला तर पुस्तक उघडलेलं असतं. तुमच्या मैत्रिणीला धडकी भरली ती आत्यामुळे नसावी. ईरा एकटीच वर्कशॉपमध्ये जाऊन बसते का?

शाईचा_डाग

हो. सलग चार प्रकरणं. तुम्ही मसुदा न वाचता कसं ओळखलंत?

रातराणी७

सगळ्याच जणी बसतात. कुणी फुलांच्या दुकानात, कुणी वाचनालयात.

आणि एक विनंती. शेवटाआधी दोघांचं उगाच मोडू नका. ऐंशी टक्के पुस्तक झालं की नेमानं कुणीतरी अर्धवट काहीतरी ऐकतं, गैरसमज करून घेतं आणि बॅग भरतं. पाच मिनिटं समोरासमोर बसून मिटेल असल्या भांडणासाठी माझी झोप घालवायची नाही.

अर्धविराम

लग्नाच्या आड येणारं घरातलं माणूस हा प्रकार फार जुना आहे. मिनँडर या ग्रीक नाटककाराचं 'डिस्कोलोस' इसवी सनपूर्व ३१६ मध्ये अथेन्समधल्या नाट्यस्पर्धेत पहिलं आलं. मध्ये कितीतरी शतकं ते हरवलेलं होतं. इजिप्तमधल्या एका पपायरसवर, म्हणजे लव्हाळ्याच्या जुन्या कागदावर, जवळजवळ पूर्ण सापडलं आणि १९५८ साली छापलं गेलं. त्यात मुलीचा बाप, क्नेमोन, इतका तिरसट आहे की शेताकडे फिरकलेल्या माणसाला ढेकळं मारून पळवतो. पुढे तो विहिरीत पडतो, ज्याला कधी धड वागवलं नाही तो सावत्र मुलगा त्याला वर काढतो, आणि मग म्हातारा कबूल करतो की आपल्याला कुणाचीच गरज नाही हा आपला समज खोटा होता. मुलीच्या लग्नाचं काय ते तू बघ, असं सांगून सावत्र मुलावर सगळं सोपवतो.

इथवर हा तुमच्या त्या "आजारी पाड" वाल्या मित्राचाच सल्ला झाला. पण मिनँडर पक्का आहे. क्नेमोन मुलीचं लग्न होऊ देतो, स्वतः मात्र तसाच तिरसट राहतो आणि मेजवानीला यायला साफ नकार देतो. शेवटी स्वयंपाकी आणि एक गुलाम मिळून त्याला छळतात, नाचायला लावतात आणि उचलून आत घेऊन जातात. माणूस सुधारला म्हणून मांडवात आला, असं नाही. मांडवाला तो हवा होता म्हणून आला.

नॉरथ्रॉप फ्राय या समीक्षकाने १९५७ मध्ये हा सांगाडा नीट मांडून दाखवला: तरुण जोडपं, वाट अडवणारा वडीलधारा, आणि शेवटी जोडप्याभोवती जमणारं नवं गणगोत. त्याचं निरीक्षण असं की सुखात्मिका अडवणाऱ्याला हाकलण्यापेक्षा त्या गणगोतात ओढून घेण्याकडे झुकते.

निर्मोही

नेमकं इथेच माझं भांडण आहे.

ओढून घ्या, सामावून घ्या. पण हे काम दर वेळी कुणाच्या गळ्यात? नायिकेच्या. दोनशे पानं टोमणे तिने खायचे आणि शेवटच्या पानावर मिठीही तिनेच मारायची. आत्याने एखादं जुनं दुःख सांगितलं की झालं, खातं बंद. ज्या वाचकाने स्वतःच्या घरच्या माणसांशी संबंध तोडलेत, आणि विचारपूर्वक तोडलेत, त्याला ही मिठी काय सांगते? तूच कमी पडलास, थोडं अजून सोसलं असतंस तर तुझंही असं झालं असतं. वाचकाला धीर द्यायला निघालेलं पुस्तक त्याच्याच पाठीत धपाटा घालतं.

टवाळखोर

वातावरण तापलं. खुर्ची जवळ ओढली आहे.

नभांगण

निर्मोही, पटतंय, पण कायमचे संबंध तोडण्यावर संपणारी गोष्ट कोझी राहील का? चांगली कादंबरी होईल, फक्त ती दुसऱ्या फळीवर ठेवावी लागेल.

निर्मोही

तोडाच असं मी म्हणत नाहीये. बक्षीस म्हणून माफी वाटू नका, एवढंच.

अर्धविराम

निर्मोही यांच्या मुद्द्यावर जेन ऑस्टिनची आठवण होणं अपरिहार्य आहे. १८१३ चं 'प्राईड अँड प्रेज्युडिस' बहुतेकांनी वाचलंय, पण नातेवाइकांचा हिशोब म्हणून ते पुन्हा बघा.

नायक डार्सीची मावशी लेडी कॅथरीन नायिका एलिझाबेथच्या घरी येऊन धडकते आणि तिच्याकडून वचन मागते की डार्सीशी कधीही लग्न ठरवणार नाही. एलिझाबेथ वचन देत नाही. मावशी तणतणत जाऊन हे सगळं डार्सीला सांगते, आणि त्यावरून त्याला कळतं की आपल्याला अजून आशा आहे. मावशीबाई मोडायला निघाल्या आणि जमवून आल्या! शाईचा_डाग, हे उचलण्यासारखं आहे. आत्याच्या कारवाईतूनच जोडप्याला काहीतरी मिळालं पाहिजे, जे ती मध्ये पडली नसती तर मिळालं नसतं.

आता शेवटचं प्रकरण बघा. एलिझाबेथची आई सुधारत नाही, ती होती तशीच राहते. मोठी बहीण जेन आणि तिचा नवरा बिंगली, दोघंही स्वभावाने लोण्याहून मऊ, पण आईच्या शेजारी वर्षभर राहून तेही घर बदलतात. लेडी कॅथरीनशी मात्र पुढे समेट होतो. तो एलिझाबेथच्याच सांगण्यावरून, आणि मावशी स्वतः चालत त्यांच्या घरी येते. एकाच पुस्तकात एक माणूस आहे तसं सोसलं, एकापासून अंतर ठेवलं, एकाला दार उघडलं. सगळ्यांना एकाच मापाची मिठी मारायची सक्ती दोनशे वर्षांपूर्वीही नव्हती.

निर्मोही

हे चालेल. विशेषतः घर बदलणं.

मोरपंखी

उशिरा आले. मी समुपदेशन करते, कुटुंबांचंच, म्हणून ईराच्या आई-वडिलांबद्दल बोलते. आत्याच्या आरडाओरड्यात त्यांच्याकडे कुणी बघतच नाहीये.

मरे बोवेन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने कुटुंबातल्या त्रिकोणांवर बरंच लिहिलंय. दोन माणसांमधला ताण वाढला की ती तिसऱ्याला मध्ये ओढतात. ताण तात्पुरता निवळतो, फक्त तो आता तिसऱ्याच्या अंगावर असतो. इथे तिसरी ईरा आहे. आई म्हणते, "त्यांना सांग." वडील म्हणतात, "तिला विचार." लहानपणापासून ती निरोप्या आहे आणि बहुधा त्यात तरबेज झाली आहे, वाक्यांची टोकं घासून बोथट करून पुढे पोचवत असेल.

हे मोडायला मोठं भाषण लागत नाही. निरोप पोचवायचं थांबवलं की पुरे. आई म्हणाली, "त्यांना सांग, मी मागच्या रांगेत बसणार नाही," तर ईराने शांतपणे म्हणावं, "त्यांचा नंबर पाठवते तुला." एवढंच. त्यानंतर घरात जी शांतता पसरेल तिच्यावर आख्खं प्रकरण निघेल. आणि विनोदीही होईल, कारण वीस वर्षांनी ती दोघं थेट बोलणार, तेही खुर्च्यांच्या रांगेवरून.

आत्या आणि निशांतमध्येही तेच चाललंय, फक्त तिथे मध्ये ओढली जातेय ती ईरा, गुन्हेगार म्हणून. "माझा मुलगा असा नव्हता, तिनेच शिकवलं."

शाईचा_डाग

मोरपंखी, शेवटचं वाक्य मी जसंच्या तसं लिहिलेलं आहे. घाबरले.

मोरपंखी

:) सगळ्या घरांत असतं ते. आता सांगा, आत्याला चारशे माणसं कशाला हवीत?

शाईचा_डाग

मिरवायला.

मोरपंखी

कुणापुढे?

शाईचा_डाग

थांबा, विचार करते.

...

आत्याने लग्न केलेलं नाही. भावाचं मूल वाढवलं, टपाल खात्यात नोकरी केली. सगळ्या नात्यातल्या लग्नांना ती एकटी गेली, आहेर केला, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली, आणि दर वेळी कुणीतरी येऊन "तुझं राहूनच गेलं, नाही का" म्हणून गेलं. ते सगळे लोक तिला एकदा आपल्या दारात आलेले बघायचेत. तिने यजमान म्हणून उभं राहायचं आणि त्यांनी पाहुणे म्हणून यायचं. चारशे हा आकडा तिथून येतोय. अंगणात ते मावणारच नाहीत.

टवाळखोर

आता मला आत्याचं वाईट वाटायला लागलं. हे बरोबर नाही, मी इथे मजा बघायला आलो होतो.

निर्मोही

वाईट वाटू दे. पण कारण कळलं म्हणजे हॉल माफ झाला असं नव्हे. कारण आत्याच्या तोंडून रडत रडत सांगू नका, एवढं पाळा. वाचकाला कळू दे, ईराला नाही कळलं तरी चालेल.

नभांगण

किंवा ईराला आधी कळू दे आणि निशांतला नंतर. ज्याने ती खुर्ची लहानपणापासून शेजारी बसून बघितली, त्यालाच ती दिसली नाही, हे मला जास्त खरं वाटतं.

शाईचा_डाग

चार एकट्या प्रकरणांपैकी तीन उडवली. राहिलेल्यात ईरा वर्कशॉपमध्ये आहे पण निशांत समोर बसून दोरा ओवून देतोय, आणि ती विचारते, "मलाही असंच 'बघतो' म्हणाला होतास का?" यावर त्याला लगेच उत्तर सुचत नाही. पुढचा प्रसंग खाली देतेय. मोकळेपणाने झोडा.

> आत्याने दार उघडलं तेव्हा पाकिटांचा गठ्ठा तिच्या हातातच होता.
>
> "बरं झालं आलास. पत्ते घाल यांच्यावर. तुझं अक्षर बरं आहे."
>
> निशांत बसला. पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.
>
> "आत्या, ही तारीख आमची नाही."
>
> "तारीख बदलता येते."
>
> "येते. आम्हाला बदलायची नाहीये."
>
> "आम्हाला म्हणजे तिला."
>
> "आम्हाला म्हणजे मला. ती तर म्हणत होती, आत्यांचं एकदा ऐकून बघू. मीच नको म्हटलं."
>
> आत्याने गठ्ठा टेबलावर ठेवला. कडा जुळवल्या. "आणि हे माझ्या तोंडावर सांगतोस?"
>
> "पाठीमागे सांगितलं असतं तर तूच कानफटात दिली असतीस. लहानपणी दिलीही होतीस, याच कारणासाठी."
>
> आत्या हसली नाही. चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिली.
>
> "मग या चारशे लोकांना मी काय सांगू?"
>
> "काय सांगायचं ते मला माहीत नाही. पण सांगायला मी येतो तुझ्याबरोबर."

रातराणी७

ईरा कुठे आहे या वेळी?

शाईचा_डाग

खाली स्कूटरवर बसलीय. वर यायचं नाही असं दोघांनी आधीच ठरवलंय.

रातराणी७

मग मी निवांत झोपते. म्हणजे, पाळी संपल्यावर.

नभांगण

"मीच नको म्हटलं" आवडलं. एका वाक्यात ईराला त्या त्रिकोणातून बाहेर काढलं त्याने. ईराच्या प्रश्नाचं उत्तरही हेच आहे. पण त्याने ते तिला जाऊन सांगू नये, ते तिला आत्याकडूनच कधीतरी कळावं, तेही टोमण्याच्या स्वरूपात.

निर्मोही

चष्मा पुसणं काढा. कादंबऱ्यांतली वयस्कर माणसं दुसरं काही करतच नाहीत. कडा जुळवल्या एवढं पुरेसं होतं, टपाल खात्यातली बाई आहे. शेवटचं वाक्य ठेवा. माफी कुणी मागितली नाही, कुणी दिली नाही, आणि तरी तो तिला एकटी सोडत नाहीये. यावर माझी हरकत नाही.

अर्धविराम

एक व्यवहाराचा प्रश्न. भरलेल्या आगाऊ रकमेचं काय? ऐनवेळी रद्द केलं तर ती परत मिळणार नाही, आणि आत्या पैसे सोडणारी बाई वाटत नाही.

शाईचा_डाग

नाहीच सोडणार. तिथेच अडलंय आता.

टवाळखोर

मग ठेवा की हॉल. आत्या निवृत्त कधी होतेय?

शाईचा_डाग

...

टवाळखोर, तुम्ही आत्ता काय केलंत तुम्हाला कळतंय का? आत्याचा स्वतःचा समारंभ. चारशे माणसं, दारात आत्या, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायला कुणाला वेळच नाही. अंगणातल्या लग्नानंतर पंधरा दिवसांनी.

अर्धविराम

पत्रिका वाया जातील पण.

शाईचा_डाग

का म्हणून? तारीख तीच, हॉल तोच. फक्त मजकुरावर नवी पट्टी चिकटवायची. आणि घरात बुकबाइंडर आहे. चारशे पत्रिका, ईरा आणि आत्या, एक टेबल, एक खळीचं भांडं. आत्या पहिल्या दहा मिनिटांतच सांगणार की पट्टी वाकडी लागतेय.

टवाळखोर

मानधन कुणाकडे मागायचं?

निर्मोही

आई-वडिलांच्या खुर्च्यांचं अजून ठरलेलं नाही, विसरू नका. आणि त्या टेबलावर ईराने आत्याला "पट्टी सरळच आहे" असं एकदा तरी म्हणायला हवं.